ध्वनिवर्धक बांधण्याचा छंद आणि आपली शाळा

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत बोलावयाचा विषय माझा मीच निवडावा, अशी मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. मी विषय कळविला, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, की लिहिण्यात काही चूक तर झालेली नाही. वाचनाची गोडी, गणिताची भीती, पालकांशी संपर्क असे नेहमीचे विषय टाकून हा गृहस्थ घरी ध्वनिवर्धक कसा बांधावा याविषयी बोलणार, म्हटल्यावर त्यांना शंका येणे स्वाभाविकच होते. परंतु आपण आपापल्या शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. कपाटावर, जुन्या हजेरीपटांच्या शेजारी, धूळ खात बसलेली एक पेटी दिसेल. कुणी तिला ॲम्प्लिफायर म्हणतात, कुणी नुसते मशीन म्हणतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि स्नेहसंमेलन एवढ्यापुरती ती खाली उतरते. घुरघुरते, मधूनच किंचाळते, आणि पुन्हा वर जाऊन बसते. सबंध प्राथमिक शिक्षणात वीज आणि ध्वनी यांविषयी आपण जे काही शिकवतो, ते सारे त्या एका पेटीत एकत्र नांदत असते. आणि तिचे झाकण उघडलेले मात्र आपल्या शाळेतील एकाही मुलाने पाहिलेले नसते.

असा ध्वनिवर्धक विकत न घेता स्वतः बांधणे, बांधलेला मोडून पुन्हा वेगळ्या रीतीने जुळविणे, त्यातील एखादा घटक बदलून आवाज सुधारतो की बिघडतो हे कान देऊन पाहणे, हा जगभर चालत आलेला एक छंद आहे. इंग्लंडात विल्यमसन नावाच्या अभियंत्याने एप्रिल १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात आपल्या ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, पंधरा वॅटचे ते यंत्र होते. त्यातील प्रत्येक घटकाचे मूल्य छापलेले असल्यामुळे ज्याच्यापाशी चिकाटी आहे अशा कोणासही ते बांधता येई, आणि देशोदेशींच्या हौशी माणसांनी ते बांधलेही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढे व्हॉल्व्हची सद्दी संपली. सांगलीच्या विश्रामबागेतील आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही १९४७ सालचेच. या योगायोगातून मला काही सिद्ध करावयाचे नाही. परंतु आपल्या भागातील यंत्रप्रेमाचा विचार करू लागलो, की तो ध्यानात येतो खरा.

कारण यंत्र उघडून पाहण्याची वृत्ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांना परकी नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली माळावर वसली ती लोखंडी नांगर घडविण्यासाठी. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्पिढ्या भोपळ्यातून तंबोरा घडवीत आले आहेत. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाल्यानंतर खेडोपाडी रेडिओ आले, आणि रेडिओ आले म्हणजे ते बिघडणारे व दुरुस्त करणारेही आलेच. बाजाराच्या गावी रेडिओदुरुस्तीचे लहानसे दुकान, दारात रिकामे खोके, आत तापलेली कैची आणि राळेचा वास. माझ्या पिढीतील अनेकांचे विज्ञानाचे पहिले धडे त्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून झाले. १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले. त्यातील आकृत्या इंग्रजी न समजणारी मुलेही वाचीत. आकृतीला भाषा लागत नाही. पुढे एकेका चकतीत सबंध ध्वनिवर्धक मावू लागला. सान्यो या जपानी कंपनीची एलए ४४४० ही चकती तर आपल्याकडील हौशी मंडळींच्या इतकी अंगवळणी पडली, की नुसते ‘चव्वेचाळीस चाळीस’ म्हटले तरी पुण्याच्या तपकीर गल्लीतील दुकानदार ती काढून समोर ठेवीत असे.

मीही त्यांच्यातलाच एक. तथापि आज आपल्यापुढे उभा आहे तो छंदाच्या कौतुकामुळे नव्हे, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

१९९८ सालची १५ ऑगस्ट होती. रात्रभर पाऊस पडून मैदान ओले झालेले. शाळेची पेटी मी स्वतः बांधलेली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. पत्र्याची जुनी पेटी, भंगारातून आणलेल्या यंत्रातले रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि दोन पायांची पिन. तीन पायांची पिन मजजवळ होती. परंतु व्हरांड्यातील जोडफळीत ती बसेना, म्हणून मीच ती काढून टाकली होती. इयत्ता चौथीतील एक मुलगा भाषणासाठी पुढे आला. पायांत वहाणा नव्हत्या. त्याने ध्वनिग्राहकाची धातूची दांडी दोन्ही हातांनी धरली, ‘अध्यक्ष महाराज’ एवढे शब्द उच्चारले, आणि तो थांबला. आम्हांस वाटले, पाठांतर विसरला. पहिल्या रांगेतील मुले हसलीसुद्धा. मग त्याची मान ताठ झालेली मला दिसली. मी धावलो तो त्याच्याकडे. आणि त्याला हात लावला असता, तर आज येथे बोलावयास नसतो. आमच्या शाळेतील बाईंनी प्रसंगावधान राखून भिंतीकडची वायरच हिसडून काढली. मुलगा खाली पडला, पाणी मागू लागला. तो वाचला. दोन्ही तळव्यांवर भाजल्याच्या खुणा मात्र पुष्कळ दिवस राहिल्या.

झाले होते ते असे. जुन्या रोहित्राच्या वेटोळ्यावरचे आवरण आतून जळालेले होते. त्यामुळे घरगुती विजेचा २३० व्होल्टचा दाब पेटीच्या पत्र्यापर्यंत पोहोचला. पत्र्याला जोडलेल्या तारेच्या जाळीतून तो ध्वनिग्राहकाच्या दांडीपर्यंत गेला. आणि तेथून मुलाच्या अंगातून ओल्या जमिनीत उतरला. तिसरी पिन जागेवर असती, तर तीच वीज भूमितारेतून निघून गेली असती, वितळतार जळाली असती, आणि पेटी मुकाट्याने बंद पडली असती. दहा-वीस मिलिअँपिअर प्रवाह हातातून गेला, तर स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू माणसाला सोडता येत नाही. पाच वॅटचा इवलासा दिवा ज्या प्रवाहावर जळतो, जवळजवळ तेवढाच हा प्रवाह.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आजी शाळेत आली. ती भांडावयास आली आहे, असे समजून मी उठून उभा राहिलो. ती भांडली नाही. ओसरीवर बसली आणि म्हणाली, “गुरुजी, त्या खोक्यात असं काय हाय, की त्यानं माझ्या पोराला धरून ठिवलं? तुमी त्ये बांधलंय म्हनं. मग तुमाला ठावं आसंल.”

मी बोलू लागलो, आणि विद्युत्प्रवाह, रोहित्र, संधारित्र या शब्दांपलीकडे मला जाता येईना. ती शांतपणे ऐकत होती, आणि तिला काही कळत नाही, हे मला कळत होते. पेटी बांधता येणे आणि पेटी सांगता येणे, या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे मला त्या ओसरीवर समजले. पुढे कित्येक महिने मी तिला कसे सांगितले असते, याचाच विचार करीत राहिलो. त्यातून जे सुचले, ते आपणास सांगतो.

पहिला प्रश्न असा, की आवाज ‘वाढतो’ म्हणजे काय होते? येथे मुलांचा, आणि आपलाही, एक गोड गैरसमज असतो. तंबोऱ्याचा भोपळा आवाज मोठा करतो, आणि ध्वनिवर्धकही आवाज मोठा करतो. तेव्हा दोघांचे काम एकच, असे वाटते. ते एक नाही. तंबोऱ्याच्या तारेला बोटाने जेवढी शक्ती दिली, त्याहून अधिक शक्ती भोपळा कोठून आणणार? बारीक तारेला हवा हलवता येत नाही. भोपळा आणि त्याची तबली रुंद असल्यामुळे तेच कंपन त्या हवेला चांगले पोहोचवतात, एवढेच. पदरचे एक कणभरही ती घालीत नाहीत. ध्वनिवर्धकाचे काम मात्र पाटाच्या दारासारखे आहे. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणारा कृष्णा कालवा आपण पाहिलेला आहे. दारावर बसलेला माणूस चाक थोडे फिरवतो आणि खाली मैलोगणती पाणी कमीजास्त होते. पाणी काही त्याच्या मनगटातून आलेले नसते. ते नदीचे असते. त्याच्या हाताची हालचाल पाण्याला केवळ आकार देते. त्याचप्रमाणे ध्वनिग्राहकातून आलेला क्षीण प्रवाह ट्रान्झिस्टरचे दार उघडतो-मिटतो, आणि भिंतीतून किंवा बॅटरीतून आलेली पुष्कळ वीज त्या हालचालीप्रमाणे कमीजास्त होत कर्ण्याकडे जाते. कर्ण्यातून येतो तो मुलाचा आवाज नव्हेच. मुलाच्या आवाजाच्या मापाने कापलेली ती वीज असते. आजीला मी एवढेच सांगावयास हवे होते: पोराला धरले ते त्याच्या आवाजाने नव्हे, दारामागच्या पाण्याने. आणि दाराच्या भिंतीला भोक होते, ते मी पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट जात्याची. बहुतेक ध्वनिवर्धकांत शेवटचे काम दोन ट्रान्झिस्टर मिळून करतात. ध्वनीच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा अर्धा भाग दुसरा. समोरासमोर बसून जाते ओढणाऱ्या दोन बायकांप्रमाणे हे चालते; एकीने खुंटा अर्धा फेरा न्यावयाचा, उरलेला अर्धा दुसरीने. त्यामुळे दमणूक कमी होते, काम पुष्कळ होते. परंतु पहिलीने हात सोडल्यावर मग दुसरीने धरावयाचे, असे ठरविले, तर प्रत्येक फेऱ्याला जाते अडखळेल. ध्वनिवर्धकातही नेमके असेच अडखळणे होते. मोठ्या आवाजात ते झाकून जाते. हळू आवाजात मात्र घशात कोंडा अडकल्यासारखी खरखर ऐकू येते. उपाय बायकांना ठाऊक असतो: दोघींनीही खुंट्यावरचा हात कधीच पूर्ण सोडावयाचा नाही. दोन्ही ट्रान्झिस्टरांतून थोडासा प्रवाह सतत वाहता ठेवला, की खरखर जाते. तो फार ठेवला, तर दोन्ही विनाकारण तापून जळतात. किती ठेवावा, हे ठरविण्यासाठी एक लहानसा फिरता रोध दिलेला असतो. आणि हौशी माणसाची अर्धी रात्र तो केसभर इकडे तिकडे फिरवण्यात जाते. छंद लागला म्हणतात, तो येथे.

तिसरी गोष्ट शिक्षकाला फार जवळची आहे. हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंते टेलिफोनचे आवाज दूरवर नेताना होणाऱ्या विकृतीशी सहा वर्षे झगडत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदीवरील नावेत त्यांना युक्ती सुचली, आणि त्यांनी ती हातातील वर्तमानपत्रावरच मांडली. युक्ती ही, की बाहेर पडलेल्या मोठ्या आवाजाचा लहानसा अंश परत आत आणून मूळ आवाजाशी उलट्या बाजूने ताडून पाहावयाचा. जो फरक दिसेल, तेवढीच दुरुस्ती पुढे पाठवावयाची. कित्ता गिरवणाऱ्या मुलाने प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहावी, तसे हे आहे. तो जो कित्ता न पाहता भराभर लिहितो, त्याच्या पाच ओळी अधिक होतात. परंतु पाचव्या ओळीतील ‘क’ पहिल्या ओळीतील ‘क’ला ओळख देत नाही. ब्लॅक यांच्या युक्तीत यंत्राची पुष्कळशी ताकद मुद्दाम वाया घालविलेली असते, आणि तिच्या मोबदल्यात अचूकपणा विकत घेतलेला असतो. त्यांच्या काळच्या लोकांना हे वेडेपणाचे वाटले. आज जगातील बहुतेक प्रत्येक ध्वनिवर्धक या तत्त्वावर चालतो.

आता उलट गोष्ट पाहा. बाहेरचा आवाज परत आत आला, पण उलट्या बाजूने न येता सुलट्या बाजूने आला, तर काय होईल? कर्ण्याचा आवाज ध्वनिग्राहकात, तेथून वाढून पुन्हा कर्ण्यात, पुन्हा ध्वनिग्राहकात. हा फेरा वाढत जातो, आणि प्रमुख पाहुणे भाषणास उभे राहताच पेटी किंचाळते. आपण घाईने आवाजाची खुंटी उतरवतो. मग पाहुणे कोणासच ऐकू येत नाहीत. वस्तुतः कर्णा बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा, ध्वनिग्राहक त्याच्या मागे असावा, आणि बोलणाऱ्याने तोंड जवळ आणावे. तोंडाचे अंतर निम्मे केले, की ध्वनिग्राहकावर पडणारा दाब दुप्पट होतो, आणि तेवढी खुंटी उतरवता येते. या उपायाला पैसा लागत नाही.

घुरघुरीविषयीही दोन शब्द सांगतो. घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. पेटीत ती एका दिशेची करताना तिच्या १०० लाटा होतात, आणि मोठे संधारित्र त्या लाटा सपाट करते, टाकीतील पाणी नळाच्या धारेचे हिसके सपाट करते तसे. वर्षानुवर्षे तापून हे संधारित्र आतून सुकते. मग १०० कंपनांची भरीव घरघर कर्ण्यातून सतत ऐकू येऊ लागते. त्याच्या माथ्याचा पत्रा फुगलेला असेल, तर दोष नक्कीच तेथे आहे. त्याच्या जागी तेवढ्याच किंवा किंचित अधिक मूल्याचे, आणि व्होल्ट कधीही कमी नसलेले, नवे बसवावे लागते. परंतु घरघर याहून खालच्या पट्टीत असेल आणि तारेला हात लावताच बदलत असेल, तर दोष बहुधा ध्वनिग्राहकाच्या तारेच्या तुटलेल्या जाळीचा. एवढे कानाने ओळखता आले, तरी दुरुस्तीचे निम्मे काम झाले. उघडण्याचे काम मात्र जाणत्याने करावे; कारण वायर काढल्यानंतरही संधारित्रात वीज काही काळ साठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात तर तिचा दाब शेकडो व्होल्ट असतो. ती यंत्रे मला अतिशय प्रिय आहेत, आणि शाळेच्या आवारात मी त्यांना पाऊल टाकू देणार नाही.

मग मुलांनी काय करावे? मी अनुभवाने एक नियम केला आहे, आणि त्याला अपवाद ठेवलेला नाही: भिंतीतील वीज मुलाच्या कामात यावयाची नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि एलएम ३८६ ही आठ पायांची चकती, एवढ्यावर सहावी-सातवीतील मुलांचा ध्वनिवर्धक उभा राहतो. शक्ती अर्ध्या वॅटच्या आसपास. आठ ओहमचा, जुन्या रेडिओतील कोणताही कर्णा चालतो. चकतीशिवाय आवाजाची एक खुंटी, तीन-चार संधारित्रे आणि एक-दोन रोध, एवढेच साहित्य. सारे मिळून एखाद्या पुस्तकाच्या किमतीत येते. झाळण्याची कैची तापते, म्हणून पहिल्या वेळी झाळकाम आपण करावे, किंवा टोचून जोडण्याची फळी वापरावी.

या चकतीत फेरफार करण्याची सोयही नामी आहे. तिचा पहिला व आठवा पाय मोकळे ठेवले, तर ती आवाजाचा दाब २० पट करते. त्या दोन पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचे एकच संधारित्र बसवले, तर २०० पट. मुलांनी ते संधारित्र बसवून, काढून, पुन्हा बसवून ऐकावे. आवाज वाढतो, पण त्याबरोबर पावसासारखा एक सळसळाटही वाढतो, आणि ध्वनिग्राहक जरा जवळ नेताच किंकाळीही फुटते. अधिक म्हणजे चांगले, असे नसते, हे मी फळ्यावर दहा वेळा लिहून जे साधले नसते, ते या एका घटकाने साधले. शिवाय घड्याळातील गजरात असते तसली पितळी चकती ध्वनिग्राहक म्हणून जोडा. ती टेबलाला चिकटवून वर मुंगळा सोडा; माठाला चिकटवून पाणी ओता; तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवा. भोपळा आणि दार यांतील फरक मग मुले आपणास समजावून सांगतात.

मोठ्या मुलांच्या तोंडी एक शब्द सतत असतो, वॅट. बाजारातील खोक्यांवर हजारो वॅट छापलेले असतात, आणि मुले ते खरे मानतात. त्यांना वजाबाकीइतके सोपे गणित द्यावे. पेटीच्या पुरवठ्यावर १२ व्होल्ट व २ अँपिअर लिहिलेले आहे, गुणाकार २४. चोवीस वॅट आत जातात, तेथून हजार वॅट सतत बाहेर येतील काय? पाटात आले त्याहून अधिक पाणी शेतात कसे पडेल? यापुढचे गणित शिक्षकांसाठी. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ८ ओहमच्या कर्ण्याला साध्या जोडणीत जेमतेम सव्वादोन वॅट देता येतात. म्हणूनच गाडीतील कर्णे ४ ओहमचे असतात, आणि दोन ध्वनिवर्धक उलटसुलट जोडून दाब दुप्पट करण्याची युक्ती तेथे योजतात. परंतु पेटी ज्यासाठी बांधली आहे त्याहून कमी ओहमचा भार तिच्यावर टाकू नये. आठ ओहमच्या दोन कर्ण्यांच्या तारा एकत्र पिळल्या, की चार ओहम होतात. चार कर्णे पिळले, की दोन. आणि मग ऐन कार्यक्रमात पेटीतून धूर निघतो. खेड्यातील कितीतरी पेट्या जळतात त्या याच कारणाने.

आणि वॅट वाढवून मिळते काय? ५० वॅटचे १०० केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. लक्ष देऊन ऐकले, तर फरक कळतो इतकेच. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दसपट करावी लागते. या हव्यासाला अंत नाही, आणि आपल्या भागात तो कोठवर गेला आहे, हे गणेशोत्सवात व लग्नाच्या वरातीत आपण छातीच्या पिंजऱ्यात अनुभवतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे या भिंतीएवढ्या कर्ण्यांना ‘डॉल्बी’ असे नाव पडले आहे. ज्यांचे हे नाव, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने सल्लागार म्हणून भारतातच होते. येथून परतल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, आणि त्यांचा पहिला गाजलेला शोध होता तो ध्वनिफितीवरील नकोसा सळसळाट कमी करण्याचा. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाला दिले. भाषेच्या इतिहासात असे विनोद घडतात.

परंतु यातील विनोद येथेच संपतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास ऐकणे, ही कानाच्या सहनशक्तीची मर्यादा मानली जाते, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला तो अवधी निम्मा होतो. शंभर डेसिबलला पाव तासच उरतो. आतील कानातील रोमपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. मुलगा वर्गात मागे पडतो, लक्ष देत नाही, म्हणून आपण त्याला रागावतो. तो ऐकत नसतो की त्याला ऐकू येत नसते, हे एकदा तपासून पाहावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी शाळेभोवतीचे १०० मीटर हे शांततेचे क्षेत्र ठरवता येते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः बंदी आहे. नियम पुस्तकात आहेत. ते मुलांना ठाऊक असतील, तर एखादा मुलगा घरी वडिलांना विचारील तरी. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नटांना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावयास स्वतःच्या गळ्यावाचून दुसरे साधन नव्हते, आणि प्रेक्षकांना गप्प बसण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या गोष्टीचाही आपणास हळूहळू विसर पडत आहे.

याच कर्ण्याचा चांगला उपयोगही आपल्याच भागात झालेला आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला. भोंगा झाला, की दूरदर्शन संच व मोबाईल बंद करून मुलांनी दीड तास अभ्यास करावयाचा, असे गावाने ठरवले. भोंगा वाजतो थोडाच वेळ. त्यानंतरची शांतता ही त्याची खरी करामत. आणि २०२० च्या टाळेबंदीत, शाळा बंद असताना, पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ फिरली. ज्या मुलांकडे मोबाईल नव्हते, त्यांच्यासाठी धड्यांचे ध्वनिमुद्रण कर्ण्यावरून ऐकवले गेले. अशा कामाला हजार वॅट लागत नाहीत. स्पष्ट बोललेली, न घुरघुरणारी, पंचवीस-तीस मुलांपर्यंत पोहोचणारी पेटी पुरते. आणि ती शाळेतच बांधता येते, निदान शाळेतच दुरुस्त करता येते.

शेवटी पुन्हा त्या पेटीकडे येतो. अपघातानंतर मी ती मोडून टाकणार होतो. मुख्याध्यापकांनी टाकू दिली नाही, म्हणाले, “गुरुजी, बिघडवलीत तुम्ही, आता नीट कोण करणार?” मग नवे रोहित्र आणले, तीन पायांची पिन लावली, पत्र्याला भूमितार पक्की झाळली, वितळतार बसवली. पुढे फलकावर ३० मिलिअँपिअरला तुटणारी गळतीरोधक कळही बसवून घेतली. एका तारेने गेलेली वीज दुसऱ्या तारेने तेवढीच परत येते की नाही, हे ती कळ सतत ताडून पाहते, आणि तूट दिसताच क्षणात वीज तोडते. ब्लॅकसाहेबांच्या कित्त्यासारखेच तिचे हे काम. आपल्या शाळेच्या फलकावर अशी कळ आहे का, आणि तिच्यावरील तपासणीचे बटण दाबताच ती पडते का, हे उद्या सकाळी परिपाठापूर्वी पाहावे, अशी माझी विनंती आहे. पडत नसेल, किंवा जोडफळीत तिसरे भोक नुसतेच शोभेचे असेल, तर तारतंत्र्याला बोलावून ते काम होईपर्यंत पेटी कपाटावरच राहू द्यावी, आणि परिपाठ उघड्या गळ्याने घ्यावा. पुढच्या १५ ऑगस्टला तोच मुलगा पुन्हा भाषणास उभा राहिला. ध्वनिग्राहकाला तो हात लावीना, आणि मीही लाव म्हटले नाही. त्याने दांडीपासून वीतभर दूर उभे राहून, हात पाठीमागे बांधून, सबंध भाषण म्हटले.

ती पेटी मी आज बरोबर आणली आहे. समोरच्या टेबलावर झाकण काढून ठेवली आहे, आणि तिची वायर माझ्या खिशात आहे. चहाच्या वेळेत ज्यांना आत पाहावयाचे असेल, त्यांनी यावे. डाव्या बाजूचा हिरवा तुकडा ही भूमितार. आधी ती पाहावी, मग बाकीचे.